ते अकराचं राहिलंच

काकू दवाखान्यातून बाहेर आल्या, पायात चपला सरकवल्या आणि दोन पायऱ्या उतरून मधेच थांबल्या. "अगं, ते अकराचं राहिलंच सांगायचं." हातात नवीन चिठ्ठी होती. तीन महिन्यांची शुगर (HbA1c) ७.९ टक्के आली होती, म्हणून डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली होती. काकूंचं अकराचं म्हणजे असं: त्या आमच्या कन्नमवार नगरातल्या एका पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटतात. सातला चहासोबत गोळी घेतात, जेवतात साडेबाराला. मधे अकराच्या सुमारास अधूनमधून त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरायला लागतात, लाटणं सुटतं, शेजारची बाई काय बोलते ते धड ऐकू येत नाही. मग त्या बिस्किटांचा पुडा फोडतात, भरपूर साखरेचा चहा घेतात आणि पिठाच्या डब्याला टेकून बसतात. आदल्या रात्री त्यांनीच हे मला सांगितलं होतं आणि आम्ही दोघींनी मिळून ते कागदावर उतरवलं होतं. कागद पर्समध्ये राहिला, पर्स पदराखाली राहिली, आणि "कसं काय?" या प्रश्नाला "बरं आहे" असं उत्तर देऊन काकू बाहेर आल्या.

आम्ही परत आत गेलो. कंपाउंडरने काही न बोलता दोन पेशंटच्या मधे सोडलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. गोळीसोबत काही खाता का, घाम फुटतो तेव्हा कधी मशीनवर शुगर बघितली का, रात्री झोपेतही असं होतं का, असं बरंच विचारलं. वाढवलेली गोळी खोडली, होती तीच अर्धी केली, आणि सकाळी पोटात काही गेल्याशिवाय ती घ्यायची नाही असं बजावलं. पुन्हा तसं झालं तर बोट टोचून आकडा बघा, ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत बघा, हे चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून दिलं. मग विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" काकू म्हणाल्या, "तुम्ही रिपोर्ट बघत होतात ना."

त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

घरी येऊन मी त्याचाच विचार करत बसले. समजा, त्या पायरीवर काकूंना आठवलं नसतं, तर? वाढलेल्या गोळीने अकराची शुगर आणखी खाली गेली असती. घाम वाढला असता, बिस्किटं वाढली असती. बिस्किटांनी पुढची तीन महिन्यांची शुगर आणखी वर गेली असती, आणि ती बघून गोळी पुन्हा वाढली असती. यात डॉक्टर चुकीचे वागले असते असं नाही, रिपोर्टही खोटा नव्हता. पण ७.९ ही सरासरी आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून हा आकडा निघतो. त्यात अकराची घसरणही मिसळलेली असते आणि नंतरची बिस्किटंही. ती घसरण बघितलेलं माणूस एकच होतं, आणि ते रिपोर्ट वाचून होईपर्यंत गप्प बसलं होतं.

आपल्याकडे शुगरचा माणूस डॉक्टरकडे जातो तो परीक्षेचा निकाल घ्यायला. तयारी नसते असं नाही. तयारी कसून होते, पण ती पास होण्याची. रक्त द्यायच्या आधीचे चार दिवस भात बंद, आंबा बंद, संध्याकाळी कॉलनीला दोन फेऱ्या जास्त. आदल्या रात्री पातळ वरण पिऊन झोपायचं. सकाळी उपाशीपोटीचा आकडा छान येतो, डॉक्टर "शाब्बास" म्हणतात, आणि घरी परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून जिलबी येते. मी हे हसण्यावारी नेत नाही, कारण ज्याला लहानपणापासून निकालाचीच भीती शिकवली तो माणूस दुसरं काय करणार? तीन महिन्यांच्या शुगरने या चार दिवसांच्या अभ्यासाचा उपयोग संपवला, आणि तिला उपाशी राहावंही लागत नाही. तरी आमच्या इमारतीतली निम्मी माणसं त्या तपासणीलाही चहा न घेता जातात. उपाशी गेलं की काहीतरी पुण्य पदरी पडेल असं वाटत असावं.

माझी आजी परळच्या खोलीत मोरीपाशी बसून शुगर तपासायची. स्पिरिटचा दिवा, काचेची लांब नळी, बेनेडिक्टचं निळं औषध, त्यात लघवीचे मोजून थेंब. नळी चिमट्यात धरून उकळली की एक गरम, आंबूस वास खोलीभर पसरायचा आणि आम्ही मुलं रंगाकडे डोळे लावून बसायचो. निळा राहिला तर आजी खूश. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी झाला की घरात कोणी काही बोलायचं नाही. आई भाताचं पातेलं गुपचूप लांब सरकवायची. डॉक्टरांना सांगताना आजी विटकरीचा हिरवा करायची हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खरी गोष्ट मला फार पुढे कळली. रक्तातली साखर १८०च्या आसपास गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. म्हणजे त्या निळ्या रंगात शंभरही मावत होते आणि पन्नासही. "निळा आला" म्हणून आजी आनंदाने आडवी व्हायची आणि दुपारभर तिला चक्कर यायची, ती म्हातारपणाच्या खात्यावर लिहिली गेली.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. ड्युटीवर लघवीला जायची पंचाईत, म्हणून ते पाणीच कमी प्यायचे, आणि हे त्यांनी कधीही कुठल्या डॉक्टरला सांगितलं नाही. उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले तेव्हा तेही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हे शुगरचे डॉक्टर. डोळ्यांचं यांना काय सांगायचं?" त्या डॉक्टरांकडे ते न चुकता जायचे, फाइल घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. फाइलमधला प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेला होता. पडद्यावर रक्त उतरलंय हे कळेपर्यंत बराच उशीर झाला होता. लेझर झालं आणि उरलेली नजर टिकली, पण तिकिटाच्या पेटीतले आकडे पुन्हा कधी दिसले नाहीत. बाबांवर मी तेव्हा खूप चिडले होते. आता तो राग त्यांच्यावर राहिलेला नाही. टाइप २, म्हणजे बहुतेकांना असतो तो मधुमेह, असेल तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी बाहुल्या मोठ्या करून डोळ्याचा पडदा तपासायचा असतो, दिसण्यात काही फरक पडलेला नसला तरी, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचं असतं हे तर नक्कीच कोणी सांगितलं नव्हतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हे काम धरलं. काम म्हणायचं, पण त्याला नाव नाही. मी नर्स नाही, डॉक्टर नाही, कोणाची गोळी कमी-जास्त कर असं मी कधी सांगत नाही. कोणाचा डॉक्टरकडे नंबर असला की आदल्या संध्याकाळी ती माणसं माझ्याकडे येतात, आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि उद्या आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवतो.

पहिलं वाक्य म्हणते, कारण दुसऱ्याची खात्री नसते. डॉक्टर किती वेळ देतात याचा ६७ देशांतला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. दवाखान्याच्या बाकावर बसून ज्याने नंबर मोजलेत त्याला यात नवल वाटणार नाही. बाहेर चाळीस माणसं, सातची पाळी संपवून आलेली, कोणाच्या कडेवर तापलेलं मूल. मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पाहणीत या शहरातल्या १८ ते ६९ वयाच्या माणसांपैकी सुमारे १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या रेषेपलीकडे होती. यातली बरीच माणसं कुठल्यातरी बाकावर बसलेली आहेत. डॉक्टरांनी वेळ द्यायला हवा, हे खरं आणि तो देता येईल इतके डॉक्टर हवेत, हेही खरं. पण उद्या सकाळी साडेनऊला ज्याचा नंबर आहे त्याला मिळणार आहेत ती दोनच मिनिटं. त्यात नमस्कार, वजन, रक्तदाब, रिपोर्ट आणि चिठ्ठी. मनातलं दाराशी पोचल्यावर ओठांवर येतं, "जाता जाता एक विचारायचं होतं," आणि तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो.

म्हणून टेबलावर आधी पिशवी उपडी करायची. घरात आहेत ती सगळी औषधं, शुगरचीच नव्हे. कापलेल्या पट्ट्या येतात, नाव असलेला तुकडा दुकानदाराकडेच राहिलेला. गुडघ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या येतात, त्यात कधी स्टेरॉइड असतं आणि शुगर का चढली याचं उत्तर तिथेच सापडतं. जांभळाच्या बियांचं चूर्ण येतं, जे "औषध थोडंच आहे" म्हणून कोणाला सांगितलेलं नसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या पिशवीत दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या, एक जवळच्या डॉक्टरांची, एक हॉस्पिटलातून सोडताना दिलेली. भिंग धरून बारीक अक्षरं वाचली तर आतलं औषध एकच. आजोबा दोन्ही घेत होते, श्रद्धेने, वेळेवर. ती पिशवी तशीच्या तशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायला मी सांगितलं. यादी लिहून नेली असती तर दोन नावं दोन औषधं म्हणूनच वाचली गेली असती अशी मला भीती वाटली.

मग वही. मशीनवर शुगर बघणारी माणसं फार मनापासून आकडे लिहितात. १४२, १८८, २१०, पानंच्या पानं. पण वेळ नाही, काय खाल्लं ते नाही. अशा वहीवरून डॉक्टरांची नजर घसरत जाते, त्यांनी तरी काय करावं? त्यापेक्षा तीनच दिवस, पण नीट: जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा, शेजारी ताटात काय होतं ते. संकष्टीचा दिवस असेल तर तोही. उपासाला "आज काहीच खाल्लं नाही" म्हणणाऱ्या बाईच्या वहीत साबुदाण्याच्या खिचडीनंतरचा आकडा दिसला की डॉक्टरांशी बोलायला विषय मिळतो, आणि तिलाही तो आकडा पहिल्यांदाच दिसलेला असतो. मे महिन्यात एक जण घाबरून आले, मशीनने तीनशेच्या वर दाखवलं होतं. बोटांना हापूसचा वास येत होता. हात साबणाने धुऊन, पुसून परत बघितलं तर दीडशे. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून तो रस जात नाही.

पायांचं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे चपला दवाखान्याच्या दाराबाहेर निघतात, म्हणजे डॉक्टरांसमोर बसलेल्या प्रत्येकाचे पाय उघडेच असतात. फक्त ते टेबलाखाली असतात. वर्षातून निदान एकदा ते तपासले जायला हवेत, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, स्पर्श कळतो की नाही ते. पण पाय पुढे करून "जरा बघता का?" म्हणायला माणसं संकोचतात. मोठ्या माणसाकडे पाय करू नये हे अंगात भिनलेलं. एका वहिनींना मी हे वाक्य चारदा म्हणायला लावलं. तळव्याला स्वयंपाकघरात पडलेली टाचणी टोचली होती आणि ती त्यांना संध्याकाळी पाय धुताना दिसली होती. दुखलं नाही म्हणून त्या निर्धास्त होत्या. दुखलं नाही हीच सांगायची गोष्ट होती.

काही गोष्टी मात्र टेबलाशीही बोलल्या जात नाहीत.

त्यांच्यासाठी कागद बरा. बोलता येत नाही ते लिहिता येतं, आणि लिहिलेला कागद घडी घालून पुढे सरकवता येतो. खाज, लघवी थेंबथेंब होणं, नवरा-बायकोमधलं. आणि पैसे, ज्याची लाज मला वाटतं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त आहे. महिन्याची गोळी दीड महिना पुरवणारी माणसं मी इतकी बघितली आहेत. एक दिवसाआड घ्यायची, पगार झाला की रोज. डॉक्टरांना वाटतं गोळी लागू पडत नाही, ते आणखी महागाची लिहून देतात आणि ती दोन दिवसांआड घेतली जाते. "मला ही परवडत नाही" हे एवढं पहिल्या ओळीत असेल तर डॉक्टर स्वस्तातलं तेच औषध लिहू शकतात, जनऔषधी केंद्र दाखवू शकतात. महापालिकेच्या आपला दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, हे शेजारच्या गल्लीत राहून माहीत नसलेले लोक आहेत. पण हे वाक्य लिहिताना भल्याभल्यांचा हात थांबतो. त्या वेळी मी घाई करत नाही. चहा टाकते.

सोबत कोण जातं यावरही बरंच ठरतं. मुलगा किंवा सून आत गेली की बऱ्याचदा तेच बोलायला लागतात: "डॉक्टर, ह्या लपून लाडू खातात." सगळं प्रेमापोटी असतं, मी त्यांना दोष देत नाही, वडिलांच्या वेळी मीही त्याच खुर्चीत बसले आहे. पण त्या क्षणी म्हातारी आरोपी होते आणि आरोपी आपल्या पायाच्या जळजळीबद्दल बोलत नाही. म्हणून मी सोबत गेले तर मागच्या स्टुलावर बसते. आधी त्यांनी बोलायचं, मी फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून घेते, आणि उठायच्या आधी त्यांनाच परत म्हणून दाखवायला सांगते: कुठली गोळी, किती, जेवणाआधी की नंतर. चुकलं तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतात. आपलं बोलणं समोरच्याच्या तोंडून ऐकायला मिळालं की डॉक्टरांचाही चेहरा सैल होतो, हे मी पुष्कळदा बघितलं आहे.

सगळं नीट होतं असं नाही. कागद नेला तर "गूगल करून आलात का?" असं ऐकून परत आलेले एक काका आहेत. ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. दुसऱ्या एका ताईंनी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, आणि शेवटी इन्सुलिन सुरू केलं. त्या अजून माझ्याशी थोड्या तुटक वागतात. न सांगता गेलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं असं त्यांना वाटतं. मी वाद घालत नाही. गप्प राहण्यात एक सोय असते, ती गेली याचं दुःख खरंच आहे.

गेल्या आठवड्यात समोरच्या टॉवरचे वॉचमन आले. साताऱ्याकडचे, रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. पुडीवर दुकानदाराने मोठ्या अक्षरात 'सकाळ-संध्याकाळ' लिहिलेलं. सकाळी खोलीवर पोचले की ते गोळी घेतात आणि न खाता झोपतात, कारण जेवण त्यांनी पहाटे चारला गेटवर केलेलं असतं. दुपारी घामाने अंथरूण भिजतं. ते पंख्याला दोष देत होते. आम्ही त्यांचा दिवस रात्री आठपासून सुरू करून लिहिला: चहा कधी, डबा कधी, झोप कधी, गोळी कधी, घाम कधी. सहा ओळी झाल्या. चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्यांची रात्रपाळी माहीत आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही, ताई. मी तरी युनिफॉर्म घालून कशाला जाऊ?"

मंगळवारी त्यांचा नंबर आहे. सगळ्यात वर, त्यांच्याच अक्षरात, लिहिलं आहे: मी रात्री जागतो आणि दिवसा झोपतो, माझी सकाळची गोळी कधी घेऊ?